रंग तू ठरव

मी एक भिंत बोलतेय. बोलतेय म्हणजे काय, तुम्ही ऐकताय म्हणून. एरवी भिंतीला कान असतात एवढंच म्हणतात लोक, आणि मग कुजबुजायला लागतात. भिंतीला तोंड का नाही, याची चौकशी आजवर कुणी केलेली नाही. तोंड असतं तर मी एका बापाला एकच वाक्य सांगितलं असतं आणि एका सात वर्षांच्या मुलीचा अख्खा हिवाळा वाचला असता.

दूर उत्तरेच्या बर्फाळ देशात, उमेओ गावात, नदीपासून जरा वर, बर्चच्या झाडांत तीन मजली इमारती आहेत. त्यातल्या एकीच्या दुसऱ्या मजल्यावर जी लहान खोली आहे, तिची मी लांबलचक भिंत. माझ्यासमोर खिडकी, खिडकीखाली अंगण, अंगणात मुलांचा घसरायचा उंचवटा आणि पलीकडे सगळ्या बिऱ्हाडांची मिळून कपडे धुण्याची खोली. तिथं कुणी यंत्रात कचरा सोडून गेलं, तरी आमची माणसं त्याचं दार वाजवून भांडत नाहीत. चिठ्ठी लावतात. तीही 'प्रिय शेजाऱ्यांनो' अशी सुरू होते. अवघड गोष्ट तोंडावर बोलायची म्हटलं की आमची माणसं काढता पाय घेतात. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

माझा जन्म कारखान्यातला. साठेक वर्षांपूर्वी इथं घरांची अशी काही टंचाई होती की भिंती साच्यात ओतायच्या, ट्रकवर घालायच्या आणि क्रेननं उभ्या करायच्या. मी सकाळी आले आणि जेवणाच्या सुट्टीआधी उभी होते. ना कौतुक, ना काही. पहिल्या बिऱ्हाडानं माझ्या अंगावर तपकिरी आणि नारिंगी फुलांचा कागद डकवला. फुलं बशीएवढी होती. त्यावर पुढच्या बाईंनी पिकल्या पीचचा रंग दिला, त्यावर एका विद्यार्थ्यानं गडद हिरवा. आणि जो तो घर सोडून गेला की घरमालक कंपनीची माणसं यायची, भोकांत लांबी भरायची, पॉलिश पेपर घासायची आणि पांढरे दोन हात मारून जायची. मला कुणी कधी विचारलं नाही, आणि मला त्याचं वाईटही वाटलं नाही. भिंतीनं रंगाचं काय मनाला लावून घ्यायचं? रंग माणसांसाठी असतो.

ऑक्टोबरात मोर्टेन आला. बसच्या डेपोत गाड्या दुरुस्त करतो तो. ताडमाड उंच, नखांत कायमचं ग्रीस, आणि आवाज असा की समोरच्याला वाटावं हा आत्ताच आपली माफी मागणार. एक गादी, एक कॉफीचं यंत्र आणि 'स्वयंपाकघर' असं लिहिलेलं एक खोकं एवढाच त्याचा संसार. खोक्यात नुसते कप निघाले. सामान लावता लावताच त्याला आईचा फोन आला. तो मला पाठ टेकून उभा राहिला आणि म्हणाला, "हो आई. सह्या झाल्या. संपलं. नाही, आता परत जाण्याचा प्रश्नच नाही."

हे मी माझ्या कानांनी ऐकलं.

दुपारी त्याची मुलगी आली, टीरा. पुढचा दात पडलेला, पाठीवरच्या पिशवीला कापडी कोल्हा बांधलेला. तिची आई सान्ना खोली बघायला म्हणून सोबत आली होती. आमच्या इकडे आईबाप वेगळे झाले की मुलाची वाटणी होते, एक आठवडा इकडे, एक आठवडा तिकडे. सोमवारी मूल एका घरून शाळेत जातं आणि शाळा सुटल्यावर दुसऱ्या घरी येतं. मध्ये शाळा असते, त्यामुळे मोठ्यांना एकमेकांची तोंडं बघावी लागत नाहीत. सोय चांगली आहे. मोठ्यांची.

"ही तुझी खोली," मोर्टेन म्हणाला. "रंग तू ठरव. कुठलाही."

"कुठलाही? काळा चालेल?"

"काळासुद्धा. तुझी खोली, तुझं राज्य."

"काळा नको गं," सान्ना पटकन म्हणाली आणि लगेच सावरून घेतलं. "म्हणजे, तू ठरव, बाळा. आम्ही मध्ये पडणार नाही."

टीरानं मला इकडून तिकडे पाहिलं. मग कोल्ह्याची शेपटी बोटाला गुंडाळत तिनं विचारलं, "पप्पा आता कायम इथंच राहणार?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मी वाट बघत होते. एका शब्दाचं उत्तर होतं, आणि ते त्या दोघांनाही पाठ होतं.

"ते अजून तसं काही ठरलं नाहीये," सान्ना म्हणाली. "बघू या ना."

"हो ना," मोर्टेन सुटकेचा श्वास टाकत म्हणाला. "आधी तुझ्या खोलीचा रंग तर ठरू दे. तो ठरला की बाकीचं हळूहळू ठरेल."

झालं. मनात वाईट काही नव्हतं कुणाच्या. त्यांना तिला रडवायचं नव्हतं, आणि स्वतःलाही रडायचं नव्हतं, इतकंच.

त्यानंतर रंगाची कार्डं येऊ लागली. दुकानातून मोर्टेन मूठ मूठ भरून कार्डं आणायचा आणि बापलेक जमिनीवर पसरून बसायची. त्या रंगांची नावं कोण ठेवतं देव जाणे! 'जुनं लोणी', 'धुक्यातली होडी', 'शांत मंगळवार'. टीरा हसून हसून लोळायची. "पप्पा, शांत मंगळवार म्हणजे राखाडीच की!" मग नमुन्याच्या इवल्या डब्या आल्या आणि माझ्या अंगावर हाताएवढे चौकोन उमटू लागले. आधी लोणी. मग होडी. मग एक पोपटी, एक गुलाबी. गुलाबी तिनं दुसऱ्याच दिवशी 'बाळांचा' म्हणून मोडीत काढला.

"मग पोपटी पक्का?" मोर्टेननं विचारलं.

"दिवसाच्या उजेडात बघू या."

आता नोव्हेंबरात उमेओला दिवसाचा उजेड म्हणजे चैनच. ती शाळेत आणि तो डेपोत असतानाच तो येतो आणि जातो. उजेडात बघायचं तर शनिवार किंवा रविवार हवा. तोही तिच्या या घरच्या आठवड्यातला, आणि त्या दिवशी बर्फ पडत नसला तर. आणि तसा दिवस उगवला की पोरगी खिडकीशी उभी राहून, डोळे बारीक करून, अनुभवी बाईसारखी म्हणायची, "छान आहे. पण डिसेंबरात कसा दिसेल, काय सांगावं."

मोर्टेनला ती चोखंदळ वाटायची. कौतुकानं सांगायचा फोनवर. मला मात्र संशय आला होता. ताकाला जाऊन भांडं लपवणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. तिला एक रंग आवडला होता, हे आंधळ्यालाही कळलं असतं. दह्यात रानातली ब्लूबेरी कालवल्यावर जो जांभळट निळा रंग येतो, तो. जाता येता ती त्या चौकोनाला बोट लावायची. आणि त्याच्याबद्दल विचारलं की म्हणायची, "माहीत नाही."

रंग ठरेना, म्हणून पलंग येईना. पलंग नाही, म्हणून खोकी उघडेनात. टीरा बाहेरच्या सोफ्यावर झोपायची आणि सगळंच भिजत घोंगडं पडलं होतं.

एका रविवारी मोर्टेन खाली कपडे धुवायला गेला होता. टीरा मला पाठ लावून बसली, कोल्हा मांडीवर घेतला आणि त्याच्या कानात बोलायला लागली. कान त्याचा, पण माझेही होतेच.

"कुणाला सांगायचं नाही हं. रंग ठरला की पप्पा कायमचा इथं. ते दोघं म्हणालेत तसं. म्हणून मी ठरवतच नाहीये. कळलं का, ठोंब्या?" तिनं कोल्ह्याला हलवून त्याच्याकडून होकार घेतला. "मी नाही ठरवलं ना, तर त्याला कंटाळून घरी यावंच लागेल. त्याला फिश फिंगर सोडून काही करतासुद्धा येत नाही."

मी सिमेंटची आहे. माझ्या पोटात लोखंडाच्या सळया आहेत. तरी त्या दिवशी मला वाटलं, आपण आता तडकणार. एवढीशी पोर, आणि मोडलेलं घर एकटीनं धरून बसली होती. तेही रंगाच्या कार्डांच्या आधारानं. आणि तिला कुणी सांगायचं की ज्याला ती धरून बसली आहे ते केव्हाच कोसळलंय? कोल्हा काही बोलणार नव्हता. मी तर नव्हतेच बोलणार.

मोर्टेन वर आला. "काय गं, ठरलं काही?"

"अजून एक डबी आणू या?" टीरा म्हणाली.

आणि त्यानं आणली.

जानेवारी संपला, फेब्रुवारीही गेला. माझ्यावर इतके चौकोन झाले की मी ठिगळांची गोधडी दिसू लागले. मोर्टेनचं कौतुक आता आटलं होतं. टीरा आईकडे असायची त्या आठवड्यात तो कामावरून आला की खोलीच्या दारात उभा राहून माझ्याकडे बघायचा. एकदा आत आला, पालथ्या बादलीवर बसला आणि आईला फोन लावला.

"तिला इथं राहायचंच नाहीये, आई. नाही, तसं म्हणत नाही ती, पण दिसतंय ना. साधा रंग ठरवत नाही. ज्या खोलीत राहायचं नसतं तिचा रंग कोण ठरवेल?" मग बराच वेळ तो ऐकत राहिला. "मी विचार केलाय. शाळेच्या सुट्टीचा आठवडा झाला की सान्नाला सांगतो, वाटणी बंद करू. टीराला तिकडेच राहू दे. माझ्याकडे कधीमधी रविवारी आली तरी पुष्कळ. पोरीला ओढून कशाला ठेवायचं?"

अरे मूर्खा, मी मनात म्हटलं. अरे बाबा, ती तुला सोडत नाहीये, ती तुला धरून ठेवतेय! पण काय उपयोग? तो माझ्यापासून हातभर अंतरावर बसला होता आणि मला त्याच्या खांद्यावर रंगाचा साधा पोपडाही टाकता आला नाही. कंपनीच्या माणसांनी काम चोख केलं होतं.

मार्चात शाळांना बर्फात खेळायची सुट्टी असते. त्या सोमवारी मोर्टेनची आई गुनवोर लुक्सेले गावाहून बसनं आली. एका हातात दालचिनीच्या बनांचा डबा, दुसऱ्या हातात स्वतःचा रोलर. बूट काढायच्या आतच तिनं मला पाहिलं.

"अगं बाई! ही भिंत आहे का गोवर आलेलं पोर?"

"टीरा ठरवतेय, आई."

"कधीपासून?"

"ऑक्टोबर."

"ऑक्टोबर! तुझी खोली रंगवताना मी तुला विचारलं होतं का?"

"म्हणूनच ती तपकिरी होती."

"तपकिरी मळत नाही," गुनवोर म्हणाली आणि विषय संपवला.

बाई प्रेमळ होती, यात शंका नाही. फोनवरचं ऐकून तिच्या जिवाला घोर लागला होता. पोरगा पोरीला गमावून बसणार, आणि कशापायी? रंगापायी! तिच्या लेखी उपाय सोपा होता. दोन दिवस तिनं टीराचं बोट कुठल्या चौकोनाला लागतं ते पाहिलं. तिसऱ्या दिवशी मोर्टेन कामावर गेला, टीरा घसरगाडी घेऊन अंगणात गेली, आणि गुनवोर कोपऱ्यावरच्या दुकानातून ब्लूबेरी रंगाचा मोठा डबा घेऊन आली.

कडेनं टेप लावला. जमिनीवर जुनी चादर पसरली. गाणं गुणगुणत पहिला हात मारायला घेतला.

काय सांगू तुम्हाला? इतका सुंदर रंग माझ्या अंगावर आजवर चढला नव्हता. मार्चाचं ऊन खिडकीतून थेट माझ्यावर येत होतं आणि रोलर वर जाई तसतशी ती सारी ठिगळं एकेक करून बुजत होती. लोणी गेलं, होडी गेली. आणि मी आतून ओरडत होते, थांब गं बाई, थांब. निदान रंग तरी धरू नये असं मनात आलं. पण कोरडी स्वच्छ भिंत आणि सरावाचा हात. मी तो निमूटपणे शोषून घेत राहिले. याहून मोठी लाचारी मला ठाऊक नाही.

अर्धी भिंत झाली तेव्हा दार वाजलं. टीरा बर्फात घालायच्या जाड विजारीतच आत आली. गाल लाल, मोजे ओले.

"बघ तर खरं!" गुनवोर वळून म्हणाली. "तुझाच लाडका!"

टीरा चालत माझ्यापाशी आली, हातमोजे काढले आणि दोन्ही तळव्यांनी ओला रंग पुसायला लागली. पुसता येईना तशी जोरजोरात पुसायला लागली.

"पूस ना! आजी, पूस ते! मी ठरवलं नव्हतं! मी ठरवलं नव्हतं ना!"

"अगं सोन्या, पण तुला हाच तर..."

"आता पप्पा कायमचा इथं राहणार! तू केलंस! आता ठरलं!"

गुनवोरच्या हातातला रोलर चादरीवर पडला. करायला गेली एक आणि झालं भलतंच, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. पण काय झालं ते तिलाही धड कळलं नव्हतं. तिनं मुलाला फोन लावला.

मोर्टेन डेपोच्या कपड्यांतच धावत आला. टीरा कोपऱ्यात बसून होती. कोपरापर्यंत निळी झालेली. तो तिच्यासमोर उकिडवा बसला.

"तुला इथं राहायचं नव्हतं, तर मला सांगायचंस ना, राणी. मी नसतो रागावलो."

"मला नाही!" टीरा हुंदके देत म्हणाली. "तू! तू इथं राहायचं नव्हतंस! तूच म्हणालास, रंग ठरला की बाकीचं ठरेल. म्हणून मी ठरवत नव्हते. मी किती दिवस नाही ठरवलं!"

मोर्टेननं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. ती एकेक डबी, तो प्रत्येक 'उजेडात बघू', सगळं त्याला तिथं नव्यानं वाचता येत असावं. मी त्या एका क्षणासाठी ऑक्टोबरपासून थांबले होते. आला तेव्हा मला जराही आनंद झाला नाही.

त्यानं सान्नाला बोलावलं. ती आली, दाराशी बूट काढले आणि मोज्यांवर तशीच चादरीवर येऊन बसली. पायाला रंग लागला, तिच्या लक्षातही आलं नाही. गुनवोर स्वयंपाकघरात जाऊन नळाखाली रोलर धूत बसली. किती तरी वेळ धूतच होती.

"टीरा," मोर्टेन म्हणाला. त्याचा तो मऊ आवाज आता फाटला होता. "मी घरी परत येणार नाहीये. मी आणि मम्मा आता एकत्र राहणार नाही. कधीच नाही."

"हे ठरलं होतं," सान्ना म्हणाली. "तू ही खोली बघितलीस त्याच्या आधीच ठरलं होतं, बाळा. तू पांढरा म्हणाली असतीस, काळा म्हणाली असतीस, काहीच म्हणाली नसतीस, तरी हेच झालं असतं."

टीरानं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. ती रडायची थांबली होती. मला तिचं रडणं परवडलं असतं.

"मग मला का विचारलंत?" ती म्हणाली.

"आम्ही... आम्ही फक्त रंग विचारला होता," मोर्टेन म्हणाला. सान्नानं हात पुढे केला. टीरानं तो घेतला नाही, झटकलाही नाही. तिघं तशीच बसून राहिली आणि माझ्यावरचा रंग सुकत गेला.

तर मी आज अशी आहे. डाव्या अंगाला ब्लूबेरी, तिच्यात दोन लहान तळव्यांचे फराटे. उजव्या अंगाला उरलेले चौकोन. मोर्टेननं सान्नाला ते वाटणी बंद करायचं काही सांगितलं नाही. पलंग आला, मला लागूनच आहे. टीरा एका आठवड्याआड येते, खोकी उघडली गेली, कोल्हा उशीशी असतो. ती माझ्याकडे तोंड करून झोपते. कार्डं पाहून हसत नाही पूर्वीसारखी. आणि रंगाच्या चौकोनांना बोट लावत नाही.

मुलांना रंग विचारा हो. जरूर विचारा. पोपटी म्हणाली तर पोपटी द्या, काळा म्हणाली तर काळा द्या. भिंतीचं काय जातं? पण जे तुम्ही ठरवून मोकळे झालात, ते 'अजून ठरलं नाही' म्हणून त्यांच्या ओंजळीत ठेवू नका. ती बिचारी ते सांडू नये म्हणून किती दिवस हात तसेच धरून उभी राहतात, ते तुम्हाला दिसत नाही. आम्हाला दिसतं. आणि आम्हाला सांगता येत नाही.

काल रविवार होता. छान ऊन होतं. मोर्टेननं डबा उघडला, रोलर घेतला, आणि बराच वेळ घुटमळून म्हणाला, "टीरा, हा उरलेला भाग तुझ्या ब्लूबेरीनंच रंगवू? का वेगळा हवा? आणि हे तुझ्या हातांचे डाग, ते राहू देऊ का बुजवू?"

टीरा पलंगावर पालथी पडून चित्र काढत होती. तिनं मानही वर केली नाही.

"तू ठरव, पप्पा," ती म्हणाली.

मोर्टेन हातात रोलर धरून माझ्यासमोर उभा राहिला. रोलरवरून रंगाचा एक थेंब चादरीवर पडला, मग दुसरा. तो माझ्याकडेच बघत होता, मी काही सांगेन म्हणून.